वाडीचे मत

स्मरणिकेसाठी लेख पाठवावा, असे संपादक मंडळाचे पत्र आले, तेव्हा वसतिगृहातील दिवसांवर लिहावे असे प्रथम मनात आले. परंतु पहाटेची वंदना, विहिरीवरची आंघोळ, रविवारच्या सभेत वाचला जाणारा भोजनालयाचा हिशेब यांवर माझ्याहून चांगले लिहिणारे माजी विद्यार्थी पुष्कळ आहेत. मला लिहावेसे वाटते ते माझ्या आजोबांविषयी आणि त्यांनी केलेल्या एका कामाविषयी. राजापूर तालुक्यातील आमच्या बौद्धवाडीतून ते ग्रामपंचायतीवर दोन वेळा निवडून गेले. वाडीत त्यांना सगळे ‘पंच’ म्हणत. लोकसभेची निवडणूक आली की हे पंच खांद्यावर पंचा टाकून, काठी घेऊन, आसपासच्या वाड्यांतून समाजवादी उमेदवारासाठी मते मागत फिरत.

ते स्वतः समाजवादी पक्षाचे सभासद कधीच नव्हते. आमच्या घरात तथागतांची आणि बाबासाहेबांची तसबीर होती. तिसरी तसबीर भिंतीवर कधी लागली नाही. असे असताना त्यांनी दुसऱ्या पक्षाच्या ‘झोपडी’साठी आपल्या माणसांची मते का मागितली, आणि त्यातून आपल्या हाती काय लागले, असे मला पुढे अनेकांनी विचारले आहे. प्रश्न रास्त आहे. मतदार म्हणून मलाही तो वारंवार पडला, म्हणून त्याचे उत्तर मला समजले तितके येथे मांडतो.

आरंभ थोडा मागून करावा लागेल. रत्नागिरी जिल्हा हा खोतांचा जिल्हा. जमीन कसणारा कुळवाडी असो वा महार, पिकाचा वाटा खोताच्या घरी आणि वेठही खोताच्या घरी. मंडणगडजवळचे आंबडवे हे बाबासाहेबांच्या पूर्वजांचे गाव, दापोलीत त्यांचे बालपणीचे काही दिवस गेलेले. खोतीचा प्रश्न त्यांना पुस्तकातून कळलेला नव्हता. १९३६ साली त्यांनी स्वतंत्र मजूर पक्ष काढला. पक्षाच्या नावात कोणत्याही जातीचे नाव नव्हते, ही गोष्ट आजोबा नेहमी सांगत. १९३७ च्या निवडणुकीत याच पक्षातर्फे श्यामराव परुळेकर रत्नागिरी जिल्ह्यातून निवडून आले. त्याच वर्षी १७ सप्टेंबरला बाबासाहेबांनी मुंबईच्या विधानसभेत खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले, आणि जानेवारी १९३८ मध्ये कोकणातील शेतकऱ्यांचा मोर्चा मुंबईत विधानसभेवर नेला. त्या मोर्चात महार होते तसे कुणबी आणि आगरीही होते, डाव्या विचारांचे पुढारीही होते. विधेयक संमत झाले नाही. खोती गेली ती स्वातंत्र्यानंतर, १९४९ च्या कायद्याने. पण एका बांधावर राबणाऱ्यांनी एका मागणीसाठी एकत्र चालावे, हा धडा कोकणाला तेव्हा मिळाला.

त्याच्याही आधी शेजारच्या कुलाबा जिल्ह्यात एका स्थानिक लोकप्रतिनिधीने काय केले, ते आपल्या विद्यार्थ्यांना ठाऊकच आहे. महाडच्या नगरपालिकेने १९२४ साली चवदार तळे सर्वांना खुले असल्याचा ठराव केला. नगराध्यक्ष सुरेंद्रनाथ टिपणीस जातीने आपले नव्हते. तरी १९२७ च्या सत्याग्रहाच्या वेळी ते बाबासाहेबांच्या बाजूला उभे राहिले. ठराव कागदावर होता, पाणी ओंजळीत यायला सत्याग्रह करावा लागला, हेही खरे. आजोबा या हकिकतीचे दोन्ही अर्थ सांगत. निवडून आलेला माणूस आपला असो वा परका, तो आपल्या बाजूने एक ओळ लिहून ठेवू शकतो, हा पहिला. ती ओळ आपण चालत गेल्याखेरीज खरी होत नाही, हा दुसरा.

समाजवाद्यांशी मैत्रीचा मार्गही बाबासाहेबांनीच दाखवलेला होता. १९५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशन आणि समाजवादी पक्ष यांची युती होती. १९५४ साली भंडाऱ्याच्या पोटनिवडणुकीत राखीव जागेसाठी बाबासाहेब आणि सर्वसाधारण जागेसाठी अशोक मेहता उभे होते. मतदारसंघ दोन जागांचा, म्हणून प्रत्येक मतदाराला दोन मते. आपले एकच मत बाबासाहेबांना द्यावे आणि दुसरे कुजवावे, म्हणजे त्यांची निवड सोपी होईल, असा हिशेब काही कार्यकर्त्यांनी मांडला. बाबासाहेबांनी तो मानला नाही. मेहता निवडून आले, बाबासाहेब पडले. ही हकिकत सांगताना आजोबांचा आवाज बदलत असे. ज्याने सर्वांच्या हाती मत दिले, त्याने स्वतःच्या विजयासाठीही एक मत वाया जाऊ दिले नाही, असे ते म्हणत, आणि मग बराच वेळ काही बोलत नसत.

आजोबांचा पहिला प्रचार १९५७ चा. बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणाला जेमतेम तीन महिने झाले होते. वाडी पोरकी झाली होती. मुंबईहून, गिरणीतल्या माणसांकडून, पत्रे येत होती ती दुःखाचीच. त्या काळात संयुक्त महाराष्ट्र समितीचे वारे सुरू झाले होते. फेडरेशन समितीत होते आणि प्रजासमाजवादी पक्षही. राजापूर मतदारसंघातून बॅरिस्टर नाथ पै उभे होते. वेंगुर्ल्याचा मुलगा, विलायतेत शिकलेला, वय पस्तिशीच्या आत. त्यांचे भाषण ऐकायला लोक कोस-दोन कोस चालत जात, असे वाडीतील जुनी माणसे सांगत. नाथ पै निवडून आले आणि १९६२ व १९६७ मध्येही आले. १८ जानेवारी १९७१ रोजी बेळगावात त्यांचे निधन झाले, तेव्हा ते पन्नाशीचेही नव्हते. त्यांच्या जागी प्रा. मधु दंडवते उभे राहिले.

राजापूर ही राखीव जागा नव्हती, हे येथे ध्यानात घेतले पाहिजे. शिवाय धम्म स्वीकारून स्वतःला बौद्ध म्हणवणाऱ्याला त्या काळी राखीव जागेवरूनही लोकसभेला किंवा विधानसभेला उभे राहता येत नसे, कारण अनुसूचित जातींच्या यादीच्या आदेशात बौद्धांना स्थान नव्हते. तेव्हा आपल्यासारख्या विखुरलेल्या, दर गावात पाचपंचवीस घरांच्या समाजापुढे खरा प्रश्न असे तो आपले मत कोणाच्या हाती द्यायचे, हा. ते देण्याची रीत काय असावी, याविषयी आजोबांचे काही ठरलेले नियम होते.

पहिला नियम असा, की बैठकीशिवाय कोणालाही शब्द द्यायचा नाही. प्रचाराला माणसे येत, त्यांना चहा मिळे, पण होकार मिळत नसे. रात्री जेवणे उरकल्यावर वाडीच्या अंगणात गॅसबत्ती लागे. बाप्ये पुढे, बाया मागे, अशी बसण्याची रीत होती. आजोबा बायांना पुढे बोलवीत, कारण मत त्यांनाही एकच आणि तेवढ्याच वजनाचे. मग तीन प्रश्न मांडले जात. जमीन, पाणी आणि शाळा. जो उमेदवार मते मागतो त्याच्या माणसांनी या तीन गोष्टींबद्दल काय सांगितले, आणि मागच्या वेळी जे सांगितले होते त्याचे काय झाले?

यासाठी त्यांची एक वही होती. लाल कापडी पुठ्ठ्याची, दुकानदार उधारीसाठी ठेवतात तशी. डाव्या पानावर ‘काय सांगितले’, उजव्या पानावर ‘काय झाले’. ती वही आज माझ्याजवळ आहे. आजोबा चौथीपर्यंत शिकलेले, अक्षर मोठे आणि सुटे. जमिनीच्या पानावर कुळकायद्याच्या नोंदी आहेत. १ एप्रिल १९५७ हा कृषक दिन; त्या दिवसापासून कसणारा कूळ मालक झाल्याचे कायदा सांगत होता. परंतु ज्याचे नाव कागदावर कूळ म्हणून लागलेलेच नव्हते, त्याला कायदा काय देणार? वाडीतल्या किती घरांची नावे सातबाऱ्यावर लागली, किती अर्ज पडून राहिले, कोणत्या कार्यकर्त्याने तालुक्याला बरोबर येतो असे सांगितले आणि तो खरोखर आला की नाही, हे सारे तेथे आहे. काही जण आले होते. उन्हातान्हात कचेरीच्या पायरीवर आजोबांबरोबर बसले होते. ज्यांची नावे त्या उजव्या पानावर आहेत ते पुढे आमदार-खासदार झाले नाहीत. ते खेड्यातले शिक्षक होते, सेवादलाच्या शाखा चालवणारे होते, गळ्यात झोळी अडकवून फिरणारे होते.

पाण्याच्या पानावर एक नोंद मी पुन्हा पुन्हा वाचली आहे. वाडीत सरकारी खर्चाने विहीर झाली, तेव्हा सगळ्यांना आनंद झाला. आजोबांनी उजव्या पानावर लिहिले आहे: ‘विहीर मिळाली. पाणवठा मिळाला नाही.’ गावच्या विहिरीवर आपल्या बायांना जाता येऊ नये, म्हणूनही वाडीला वेगळी विहीर मिळू शकते, हे त्यांना त्या आनंदातही दिसले होते. डॉ. बाबा आढाव यांनी ‘एक गाव, एक पाणवठा’ ही मोहीम १९७२ मध्ये सुरू केली, तेव्हा आजोबांनी वर्तमानपत्राचे ते कात्रण या पानावर खळीने चिकटवून ठेवले.

मार्च १९७१ ची बैठक मला स्वतःला आठवते. मी दहा वर्षांचा होतो. रिपब्लिकन पक्षाचे तुकडे पडले होते आणि त्यातील काही गट सत्तेतील पक्षाबरोबर गेले होते. देशात ‘गरिबी हटाव’ची लाट होती. मुंबईहून चाकरमान्यांचे पत्र आले, की यंदा गाय-वासरावर शिक्का मारावा. पत्रावर माझ्या वडिलांचीही सही होती. गिरणीत काम करणाऱ्या माणसांच्या पैशांवर वाडीची चूल पेटत होती, त्यामुळे त्या पत्राला वजन होते. एक वयस्क गृहस्थ उठून म्हणाले, “पंच, बाबासाहेबांनी आपल्याला आपला पक्ष दिला. तो मोडला तर जोडायचा. आपण लोकांच्या झोपड्या का शाकारायच्या?”

बैठक शांत झाली. आजोबांनी उत्तर द्यायला वेळ घेतला. ते म्हणाले, “बियाणं उसनं देतो ना आपण? घर बघून देतो, आणि सुगी झाली की मागून आणतो. दिलं म्हणून शेत त्याचं होत नाही. मतही तसंच. आपलं शेत आपल्याकडं आहे, ते मोडायचं नाही. पण पेरणीच्या दिवशी बियाणं कणगीत ठेवून कुजवायचं, हे काय बाबासाहेबांनी शिकवलं नाय.”

त्या गृहस्थांचे समाधान झाले नाही, आणि त्यांनी तसे स्पष्ट सांगितले. आजोबांनी त्यांना दोष दिला नाही. ज्यांना पटले त्यांनी झोपडीवर शिक्का मारला, ज्यांना पटले नाही त्यांनी मारला नाही. त्या निवडणुकीत इंदिराबाईंच्या लाटेत मोठमोठे विरोधक पडले. प्रजासमाजवादी पक्षाच्या देशभरात दोनच जागा आल्या. बंगालमध्ये समर गुहांची आणि राजापुरात दंडवत्यांची. आमच्या वाडीच्या मतांनी ती जागा आली, असे म्हणणे हास्यास्पद होईल. परंतु अशा शेकडो वाड्यांतून अशा बैठका झाल्या असतील, म्हणूनच लाटेच्या पाण्यात हा खडक उभा राहिला, असे मला वाटते.

आता जी गोष्ट सांगतो ती समाजवादी स्नेह्यांना कदाचित आवडणार नाही. त्या प्रचारातच एका कार्यकर्त्याच्या घरी आजोबा दुपारी गेले होते. व्यासपीठावर समतेवर उत्तम बोलणारा माणूस. घर मोठे, जुन्या वळणाचे. इतरांची पाने माजघरात मांडली गेली, आणि आजोबांचे पान ओटीवर. वाढणाऱ्या म्हाताऱ्या बाईंनी प्रेमाने वाढले, हेही आजोबांनी सांगितले. ते जेवले नाहीत. पाणीही प्यायले नाहीत. उठून वाडीत आले आणि त्यांनी दोन दिवस प्रचार थांबवला. तिसऱ्या दिवशी तो कार्यकर्ता वाडीत आला. आजोबांनी त्याला बैठकीसमोर उभे करून विचारले, की मते माजघरात घेता की ओटीवर? त्याने मान खाली घातली. घरातील वडीलधाऱ्यांपुढे आपले चालले नाही, असे तो म्हणाला. आजोबा म्हणाले, मग आधी घरातला प्रचार उरका.

वहीत ही नोंद आहे, नावासह. ते नाव मी येथे देत नाही. त्यापुढे काही वर्षांनी केलेली आणखी एक नोंद आहे, वेगळ्या शाईची. त्याच माणसाच्या मुलाच्या लग्नात वाडीतली माणसे इतर पाहुण्यांच्या पंगतीत बसली. त्या दोन नोंदींच्या मध्ये किती वर्षांचे बोलणे, रुसणे आणि जाणे-येणे असेल, त्याचा हिशेब मात्र कोठे लिहिलेला नाही. आजोबांनी उमेदवाराला पाठिंबा दिला आणि त्याच्या माणसाला जाबही विचारला. या दोन गोष्टी त्यांना परस्परविरोधी वाटल्या नाहीत. पाठिंबा दिला आहे म्हणूनच विचारण्याचा अधिकार आहे, अशी त्यांची समजूत होती.

जून १९७१ मध्ये त्यांनी मला या विद्यालयात आणून सोडले. येथे विद्यार्थ्यांचे मंत्रिमंडळ निवडले जाई आणि भोजनमंत्र्याला रविवारी सर्वांसमोर हिशेब द्यावा लागे, हे पाहून ते फार खूश झाले होते. मी दहावीत असताना आणीबाणी होती. दंडवते बंगळूरच्या तुरुंगात होते, प्रमिलाताई येरवड्याला. मार्च १९७७ मध्ये आमची परीक्षा आणि देशाची निवडणूक एकदमच आली. दंडवते निवडून येऊन रेल्वेमंत्री झाले. दुसऱ्या वर्गाच्या डब्यातील लाकडी बाकांवर गाद्या आल्या त्या त्यांच्या काळात. कोकणात तेव्हा रेल्वे नव्हती. आमचे चाकरमानी एसटीने येत. तरी गिरणीतली माणसे सांगत, आपल्या मताच्या माणसाने गरिबाच्या पाठीला गादी दिली.

ज्या सिद्धार्थ महाविद्यालयाची स्थापना बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९४६ साली केली, तेथे दंडवते अनेक वर्षे पदार्थविज्ञान शिकवीत होते. वाडीतला पहिला पदवीधर त्याच महाविद्यालयातला. आजोबांना हे कळले तेव्हा ते एवढेच म्हणाले, “म्हणजे उसनं दोन्हीकडनं आहे.”

या कामाची किंमत त्यांना मोजावी लागली. ग्रामपंचायतीच्या पुढच्या निवडणुकीत ते पडले. गावातील वजनदार मंडळी त्यांच्यावर नाराज होती आणि वाडीतील काही घरेही. पडल्याच्या दुसऱ्या दिवशी ते नेहमीप्रमाणे वाडीच्या रस्त्यावरची दगडगोटी बाजूला करीत होते. पुन्हा ते उभे राहिले नाहीत. वही मात्र १९८६ मध्ये त्यांचे निधन होईपर्यंत चालू होती. माझे लोकसभेचे पहिले मत १९८४ चे. त्या वर्षीही देशात लाट होती आणि राजापूरने पुन्हा दंडवत्यांनाच निवडले. बैठक झाली होती, आजोबा भिंतीला टेकून बसले होते आणि प्रश्न आम्ही तरुण विचारीत होतो.

त्यांच्या पश्चात वहीत दोन नोंदी मी केल्या. विश्वनाथ प्रताप सिंह यांच्या सरकारात दंडवते अर्थमंत्री होते. १९९० मध्ये त्या सरकारने बौद्धांचा अनुसूचित जातींच्या आदेशात समावेश करणारा कायदा संमत करून घेतला. १९५६ मध्ये धम्म स्वीकारल्यापासून चौतीस वर्षे जे दार बंद होते, ते उघडले. कोकण रेल्वेच्या महामंडळाची स्थापनाही त्याच वर्षीची. जॉर्ज फर्नांडिस रेल्वेमंत्री होते. १९९८ साली गाडी सगळ्या मार्गावर धावू लागली. ही दोन्ही कामे एका माणसाची किंवा एका मतदारसंघाची नव्हेत. त्यांमागे असंख्य लोकांचा लढा आहे. तरी त्या उजव्या पानावर ती लिहिताना उसने दिलेल्या बियाण्याची आठवण झाली.

डाव्या पानावरच्या काही ओळींसमोर मात्र उजवे पान आजही कोरे आहे. कुळांचे काही अर्ज अर्जदारांबरोबरच संपले. ज्यांच्यासाठी मते मागितली, त्या पक्षाची पुढे इतकी शकले झाली की जाब कोणाला विचारावा हेच कळेनासे झाले. १९९१ मध्ये दंडवते पडले आणि झोळीवाली माणसे एकेक करून गेली. आपल्या पक्षाचीही स्थिती काही निराळी नाही. तेव्हा १९७१ च्या बैठकीत उठून बोलणाऱ्या त्या गृहस्थांचा प्रश्न चुकीचा होता, असे मी म्हणणार नाही. आपले घर बांधायचे राहिले, हे त्यांना दिसत होते. आजोबांना दिसत होते ते हे, की घर बांधून होईपर्यंत मताचा अधिकार गहाण पडता कामा नये.

२५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत बोलताना बाबासाहेबांनी भिक्खुसंघाचा उल्लेख केला होता. ठराव, गणपूर्ती, मतदान यांचे नियम संघाला ठाऊक होते, असे त्यांनी सांगितले. संघात मतभेद झाला की शलाका वाटल्या जात आणि त्या मोजून निर्णय होई. शलाका वाटणारा भिक्खू पक्षपात न करणारा असावा, असा विनयाचा दंडक होता. त्याच भाषणात बाबासाहेबांनी राजकारणातील व्यक्तिपूजेपासून सावध राहण्यास सांगितले. आजोबांनी ते भाषण वाचलेले नव्हते. पण गॅसबत्तीच्या उजेडात, बायांना पुढे बसवून, विरोधात बोलणाऱ्याचे शेवटपर्यंत ऐकून घेताना ते जे करीत होते, ते त्याच परंपरेतले होते.

आज या विद्यालयाचे माजी विद्यार्थी सरपंच आहेत, पंचायत समितीवर आहेत. आपल्या मुली आणि सुना अनेक ग्रामपंचायतींत बसतात. माझी पुतणी गेल्या खेपेस आमच्या वाडीतून निवडून आली. निवडणूक आली की तिच्याही दारात गाड्या थांबतात आणि वाडीची मते किती, असे विचारले जाते. काही वेळा पाकीटही पुढे होते. तिने मला विचारले, की काका, कोणाला शब्द द्यावा? मी तिला नाव सांगितले नाही. कपाटातून वही काढून दिली. तिने ती दोन रात्री वाचली आणि वाडीची बैठक बोलावली. जुने तीन प्रश्न तिने ठेवले आणि चौथा घातला, रोजगाराचा. उमेदवाराच्या माणसांची उत्तरे तिने नव्या पानावर, डाव्या बाजूला, तारीख घालून लिहिली आहेत. उजवी बाजू अजून रिकामी आहे. पाच वर्षांनी ती सगळ्यांसमोर वाचली जाईल.